गिटारची शिट्टी

वाद्यदुरुस्तीच्या दुकानात व्हायोलिन घेऊन बसलेल्या मास्तरांचे कान रांगेत पुढे असलेल्या बाईंच्या बोलण्याकडे लागले.

“मिस्त्रीकाका, आज सासूबाई पहिल्यांदाच माझा कार्यक्रम ऐकायला येणार, आणि स्पीकर लावला की गिटार शिट्ट्या मारते!”

“आमच्या मेव्हण्याची गिटार इतक्या शिट्ट्या मारायची, की शेजारच्या कारखान्यातले लोक सुट्टी झाली समजून जेवायला निघायचे. स्पीकर पाठीमागे ठेवतेस?”

“हो.”

“त्याचा आवाज गिटारच्या पोटात शिरतो, अन् फिरून स्पीकरमधूनच बाहेर येतो. स्पीकर पुढे ठेव, गिटारच्या भोकावर हे रबरी झाकण बसव. हं, वाजव आता.”

बाईंनी अख्खं गाणं वाजवलं.

“गेली की नाही शिट्टी?”

“गेली. पण काका, आता माझ्या चुका स्वच्छ ऐकू येतात हो!”

“त्यांच्यावर झाकण मिळत नाही, पोरी.”

“मग हे झाकणही काढा. सासूबाईंना शिट्टीच ऐकू द्या!”