एकेचाळीस हजार कागदांचा मालक

...नाही, तुम्ही म्हणाल यात एवढं चिडण्यासारखं काय आहे, पण तुम्हाला सांगतो, इथे आयर्लंडात, गॉलवेतल्या आमच्या कंपनीत मायक्रोवेव्ह बंद पडला तरी लोक मला फोन करतात! मला! मी सॉफ्टवेअर इंजिनिअर! नागपुरात शिकलो, पुण्यात घासलो, इथे येऊन सहा वर्षं झाली, ती काय लोकांचं सूप गरम करून द्यायला? 'हाय नरेन, सर्चमध्ये बघितलं, मायक्रोवेव्हचा ओनर तू आहेस!' आहे ना! मायक्रोवेव्हचा आहे, पार्किंगचा आहे, बाळंतपणाच्या रजेचासुद्धा मीच! परवा एक बाई विचारते, सातवा लागलाय, रजा कधीपासून घेऊ? म्हटलं, बाई, डॉक्टरांना विचारा! तर म्हणते, 'पण नाव तुमचं आहे...'

तर झालं असं. आमची कंपनी हृदयात घालायच्या बारीक नळ्या बनवते आणि त्याहून जास्त कागद बनवते. एकेचाळीस हजार! मशीन कसं धुवायचं इथपासून आग लागली तर कुठे पळायचं इथपर्यंत. शोधायला गेलं की दहा वर्षांपूर्वीचं भलतंच काहीतरी वर यायचं. म्हणून नवीन सर्च इंजिन आणलं आणि ते घातलं कुणाच्या गळ्यात? बरोबर! काम काय, तर कागद इंडेक्समध्ये, म्हणजे इंजिनच्या यादीत, टाकताना प्रत्येकाला आपल्याला हवी ती माहिती जोडायची, कस्टम मेटाडेटा म्हणतात त्याला. फायलीवर चिठ्ठी चिकटवतो ना आपण, तसंच! हा कुठल्या मशीनचा, कधीपर्यंत चालणार, आणि ओनर, म्हणजे याला जबाबदार कोण. हा शेवटचा रकाना रिकामा असला की इंजिन तो कागद घेतच नाही.

आता मला काय माहीत कुठला कागद कुणाचा? पासष्ट जणांना मेल टाकली. आपल्याकडचा माणूस कसा, तोंडावर सांगतो, 'जमणार नाही, डोकं नको खाऊ!' बरं वाटतं हो, निकाल लागतो! इथे? इथे मान तिरकी करून, डोळ्यांत माया आणून म्हणतात, 'लीव्ह इट विथ मी, नरेन!' माझ्यावर सोड! सोडलं! एक आठवडा सोडलं, दोन आठवडे सोडलं! आमचा मॅनेजर ब्रेंडन, फार गोड माणूस, मी रडायला गेलो की 'इट'ल बी ग्रँड!', म्हणजे होईल रे सगळं झकास! आणि त्याचे स्वतःचे कागद? 'आह, लीव्ह दोज विथ मी!'

आली मुदत. शुक्रवार दुपार. आणि आपण कोण? सरकारी फॉर्म भरत वाढलेली माणसं! रकाना रिकामा दिसला की खिडकीतून परत पाठवतात, हे आपल्या रक्तात! मी एक ओळ कोड लिहिली... एकच ओळ हो! ओनर सापडला नाही तर टाक नरेंद्र. तात्पुरतं! सोमवारी बदलू! सगळे कागद सुळकन आत. ब्रेंडन माझ्या पाठीवर थाप मारून म्हणतो, 'फेअर प्ले टू यू!' म्हणजे इथलं शाबास!

सोमवारी आले तपासनीस! बाहेरचे! आणि त्यांना काय आवडलं असेल? ओनरचा रकाना! वा वा, प्रत्येक कागदाला जबाबदार माणूस! कंपनीने खूश होऊन त्या रकान्याला कुलूपच घातलं. आता ओनर बदलायचा तर नव्या ओनरची सही पाहिजे, आणि कागद दुसऱ्याच्या ताब्यात दिल्याशिवाय ओनरला आठवड्याच्या वर रजा नाही.

आणि मला हवी होती तीन आठवड्यांची! आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन हो, चौदा तारखेला, नागपूरला! बाबा गेले, मी एकुलता एक, तिकीट काढलेलं, तिच्यासाठी काळा गॉगल घेऊन ठेवलेला! फिरलो की मी सह्या मागत. टेबलाटेबलाशी! आई आहे म्हणालो, डोळा आहे म्हणालो... 'ओह, युवर पुअर मॅमी! लीव्ह इट विथ मी!' आणि खोटं नाही सांगत, लागली माणसं कामाला! दोन दिवसांत माझ्या टेबलावर हे एवढं मोठं कार्ड! गेट वेल सून, नरेन्स मॅमी! खाली सह्या. मोजल्या मी. पासष्ट! एकूण एक! पेन होतं हो त्यांच्याकडे, सही येत होती! शेजारी माझा ताब्याचा कागद पडलेला, त्यावर एक नाही!

उर्मिला, म्हणजे आमची बायको, म्हणाली, "सरळ निघून जा! काय करतील?" काय करतील? नोकरीवरून काढतील! नोकरीवर इथे राहायचं परमिट, परमिटवर आम्ही दोघं... मी घाबरलो. लपवत नाही, घाबरलो. तिकीट रद्द केलं आणि चौदा तारखेला इथे बसून पार्किंगच्या तक्रारी ऐकल्या.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल केला. आईच्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी, आणि चेहरा असा खुललेला की मलाच रडू यायला लागलं. म्हटलं, "आई, सगळं नीट झालं ना?"

"झालं रे बाप्पा, दहा मिनिटांत! पण आधी तो फॉर्म! 'जबाबदार नातेवाईक' म्हणून रकाना होता. म्हटलं, मुलगा आयर्लंडला आहे. तर काउंटरवरची पोरगी म्हणते, 'इथे कोण आहे ते सांगा काकू, रिकामं सोडलं तर आत घेत नाहीत.' आपले शेजारचे दत्तात्रयभाऊ रिक्षातून घेऊन आले होते ना मला, त्यांचंच नाव दिलं टाकून."

"आणि नातं?"

"मुलगा लिहिलं! आता तुझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठे आहेत, पण कोण विचारतंय! तू नको लावून घेऊ मनाला. तात्पुरतं आहे."

म्हटलं, बरं केलंस. फॉर्म तर गेला ना पुढे!