प्रोसेसरच्या कपाळी गंध

नाही, पण मला एक सांगा, पंखा कुणाच्या डोक्यावर हवा? माणसाच्या की डब्याच्या? आमच्या सागर गावात माझं हे लग्नपत्रिका नि फ्लेक्स करायचं दुकान, दुकान कसलं, खुराडं! भिंतीपलीकडे शेट्टीच्या हॉटेलची भट्टी, वर पत्रा, बाहेर फाल्गुनाचं ऊन… आणि माझ्या डोक्यावर पंखा नाही! कडी आहे. पंखा नाही. वर्षानुवर्षं मी त्या कडीकडे बघतोय. आणि कॉम्प्युटरच्या पोटातला तो प्रोसेसर, एवढंसं बिस्किट, त्याला जन्मापासून स्वतःचा पंखा! आणि डोकं कुणाचं तापतंय? माझं? नाही! ज्याच्या डोक्यावर स्वतःचा पंखा, त्याचंच डोकं तापतंय!

तापतंय म्हणजे कणकण नव्हे हो. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा दिसतो ना, मी बघतोय, सत्तर… ऐंशी… नव्वद… अहो, शेट्टीची कॉफीसुद्धा एवढी कढत नसते! आणि पंच्याण्णवला गेला की फट्! पडदा काळा. केलेलं सगळं पाण्यात.

बरं, हे कधी व्हावं? हेब्बळिगे गावच्या जत्रेचा फ्लेक्स चालू असताना! जत्रा मंगळवारी, फ्लेक्स छापायला जायला हवा सोमवारी दुपारच्या आत, आणि हा रविवार. जत्रा कमिटीचे अध्यक्ष ईरप्पगौडा माझ्या खुर्चीमागे उभे. मधे देवी आणि भोवती कमिटीची तोंडं. देवी एवढीशी, तोंडं ही एवढाली! अध्यक्षांचं तोंड बसवलं, ठीक. उपाध्यक्षांचं बसवलं, ठीक. खजिनदारांचं घेतलं… फट्! पुन्हा चालू केलं, पुन्हा सगळी तोंडं मांडली, खजिनदार आले… फट्! तिसऱ्या खेपेला गौडांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"सुब्राया, याच्याच तोंडाला का बंद पडतं रे? देवीला काहीतरी दिसतंय."

"अहो गौड्रे, कसली देवी! खजिनदारांनी मिशीतला केस नि केस मोजता येईल एवढा जड फोटो पाठवलाय. तो उचलताना मशीनला धाप लागते!"

"ते मला सांगू नको. उद्या दुपारपर्यंत झाला तर तुझा. नाहीतर समोर सुधींद्र आहे. त्याच्याकडे एसी आहे."

गेले! आता तुम्हीच सांगा, जत्रेचा फ्लेक्स सुधींद्रकडे गेला म्हणजे काय गेलं? हेब्बळिगेची लग्नं गेली, मुंजी गेल्या, तेराव्याची पत्रं गेली! माणूस जन्मण्यापासून मरेपर्यंत सगळं समोरच्या दुकानात! मी काय करायचं? कडीकडे बघायचं?

मग उपाय सुरू. घरातला टेबलफॅन आणून डब्यापुढे लावला, तर त्यानं शेट्टीच्या भट्टीचा धूर आत ओढला. डबा उघडून ब्लोअर मारला, तर जी धूळ उडाली ती माझ्या नाकात. मशीन तसंच, मला मात्र संध्याकाळपर्यंत शिंका! बायको म्हणते, "दसऱ्याला आयुधपूजेत मशीनचं हळदकुंकू घाईघाईत उरकलंत ना, भोगा आता." वर तिनंच तो टेबलफॅन काढून परत नेला, का, तर पापड वाळत घातलेत! म्हणजे पापडाला पंखा, प्रोसेसरला पंखा… जाऊ दे.

शेवटी जोकिमला बोलावला. जोकिम म्हणजे आमच्याकडचा कॉम्प्युटरचा डॉक्टर. आला, डबा उघडला, पंखा उचलला, आणि आत बघून असा चुकचुकला, असा चुकचुकला, की मला वाटलं आता नातेवाइकांना कळवा म्हणतोय.

"सुब्रायण्णा, हा बघ याचा मेंदू. मेंदू नि पंखा यांच्यामधे मलम असतं, आतली आच वर पोचवायला. तुझं सुकून खडखडीत झालंय. पंखा फिरतोय, पण आच वर पोचतच नाही!"

म्हणजे बघा! पंखा असून उपयोग नाही! त्यानं ते सुकलेलं सगळं पुसून काढलं, लखलखीत केलं. म्हणाला, "आता मधोमध तांदळाएवढा ठिपका, वर हे बसवायचं, चार पेच तिरपे तिरपे आवळायचे, झालं!" आणि पिशवीत हात घातला. चाचपला. पुन्हा चाचपला. ट्यूब रिकामी!

"शिमोग्याहून आणतो. उद्या दुपारी."

दुपारी! अरे, दुपारी सुधींद्र हार घालून घेत असेल! पण जोकिम गेला. डबा उघडाच, पेच बशीत, आणि मी कपाळाला हात लावून घरी.

आता एक माणूस सांगायचा राहिला. आमचे माव, म्हणजे माझे सासरे, शेषभट्ट; मला ते अळियंदिरे, जावईबापू म्हणतात. जन्मभर देवळात पूजा केली. मग हात थरथरायला लागले, देवळात पुतण्या उभा राहिला आणि हे आमच्याकडे आले. दिवसभर माझ्या दुकानात स्टुलावर बसतात. अडकित्त्यानं सुपारी कातरतात, बघत राहतात. कुणी त्यांना काही विचारत नाही. मीही नाही विचारत, खोटं कशाला बोलू? जोकिमनं डबा उघडला तेव्हाही ते तिथंच होते. बघत.

सोमवारी सकाळी दुकानाशी येतो तो काय… शटर उघडं! आणि वास! तुम्हाला सांगतो, मी चप्पल बाहेर काढली! आपोआप निघाली! चंदनाचा वास हो, गाभाऱ्यात येतो तसा! आत माव, आंघोळ करून, ओला पंचा नेसून, हातात गंधाची वाटी, आणि डबा बंद. पेच आवळलेले. बशी रिकामी.

"माव… काय केलंत?"

"गंध लावलं."

"कुठं?"

"त्याच्या डोक्याला."

मी मटकन स्टुलावर बसलो. तर ते शांतपणे सांगतायत, "अळियंदिरे, तो पोरगा म्हणाला ना, हा याचा मेंदू, तो तापतो, मधोमध ठिपका लावायचा. मी जन्मभर दुसरं काय केलं? माणसाचं डोकं तापू नये म्हणूनच कपाळाला चंदन असतं. बारीक उगाळलंय, कण लागणार नाही. कुंकू नाही घातलं, भुकटी उडते. फूल ठेवणार होतो, पण पंख्यात अडकेल. तेवढं कळतं मला."

तेवढं कळतं! माझं मशीन! माझी जत्रा! आणि वर देवापुढे उभं राहावं तसे उभे! तेवढ्यात गौडा आले. आले, वास घेतला, चप्पल काढली, मशीनला नमस्कार केला आणि म्हणाले, "लाव."

लावलं! काय करणार? डोळे मिटून बटण दाबलं. आता धूर निघणार, आता ठिणगी उडणार… डोळे उघडले. आकडा बघतो. अठ्ठावन्न! मी पडदा पुसला. अठ्ठावन्न! अहो, नवीन होतं तेव्हासुद्धा एवढं थंड नव्हतं!

सुटलो मी! देवी बसवली, अध्यक्ष, उपाध्यक्ष, सदस्य… आणि आकडा लागला की चढायला! सत्तर! गंध सुकतंय! पाणीच ते, किती वेळ टिकणार? ऐंशी! गौडा ओरडतायत, "खजिनदार घे, खजिनदार!" घेतला. अठ्ठ्याऐंशी! मिशी अर्धी आली… नव्वद! माव मागे काहीतरी पुटपुटतायत… ब्याण्णव! मिशी पूर्ण आली! पाठव! त्र्याण्णव… चौऱ्याण्णव… गेला! फ्लेक्स छापखान्याला पोचला… आणि फट्!

गौडांनी वळून मावंचे पाय धरले. मला? मला कुणी विचारलं नाही.

दुपारी जोकिम आला. उघडलं, चंदनाची पापडी हातात घेऊन किती तरी वेळ बघतच बसला. "सुब्रायण्णा, असलं मी जन्मात पाहिलं नाही." माव वामकुक्षीला गेले होते, तेवढ्यात त्यानं खरं मलम लावलं. तेव्हापासून मशीन साठाच्या वर गेलेलं नाही. आता हे मावंना सांगायचं का? मी सांगणार होतो, शपथ! पण रात्री माव जेवायला बसले आणि ताकातली तंबुळी दोनदा मागून घेतली हो. देऊळ सुटल्यापासून हा माणूस पहिल्यांदा पोटभर जेवला. हात थरथरत नव्हता. मी भांडंच त्यांच्याकडे सरकवलं. नाही सांगितलं.

मग व्हायचं ते झालं. आतली प्रतिष्ठापना झाली, आता उघडायचं नाही, असं सांगून तेवढा डबा वाचवला. पण रोज सकाळी माव बाहेरून गंध लावतात, तोवर बटण दाबायचं नाही. गिऱ्हाईक चप्पल बाहेर काढतं. समोरचा सुधींद्र, एसीवाला, परवा येऊन हळूच म्हणतो, "मावंना जरा आमच्याकडे पाठवता का? आमचंही तापतंय."

आणि काल गौडा आले, जत्रेतून आणलेला नवाकोरा पंखा खांद्यावर! छताचा! मी म्हटलं, पावली देवी, कडीचं सोनं झालं! त्यांनी तो कडीला लावला, नीट, मधोमध… आणि माव म्हणाले, "मशीन त्याच्याखाली सरकवा. त्याला वारा लागू दे." सरकवलं! मला दाराशी उन्हात बसवलं! म्हणजे आता त्याच्या डोक्यावर दोन पंखे!

मी तोंड उघडणार, आता बोलणारच होतो, कानशिलं पेटली होती माझी, तेवढ्यात माव वाटी घेऊन समोर उभे. म्हणाले, "अळियंदिरे, चेहरा लाल झालाय तुमचा." आणि बोटानं कपाळाच्या मधोमध, तांदळाएवढं…

लावून घेतलं. थंड वाटलं हो. काय करता, माझ्या डोक्यावर कुठाय पंखा!