शेजारची सीट

ओसाकातल्या गाड्यांच्या दुकानात माझ्या गाडीचं ऑइल बदलून व्हायचं होतं. शेजारच्या टेबलावर सत्तरीपुढचं एक जोडपं माहितीपत्रकं पसरून बसलं होतं. जपानात छोट्या इंजिनाच्या खासगी गाड्यांना पिवळी नंबरपाटी असते, मोठ्यांना पांढरी.

“पिवळ्या पाटीची चिमुकली गाडी? फुसाए, चाळीस वर्षं पांढऱ्या पाटीची मोठी गाडी चालवलीय मी.”

“अहो, आणि चाळीस वर्षं कोपऱ्यावरच्या तोफूवाल्याची भिंत खरवडलीत. टॅक्सही कमी लागतो, घ्या मुकाट्यानं.”

“मग ही उंचवाली घेऊ. आत टोपी घालून बसता येतं.”

“टोपी मावेल हो, गाडी कुठं मावेल? आपल्या इमारतीतलं यंत्राचं पार्किंग म्हणजे एकावर एक कपाटाचे कप्पे. दीड मीटरपेक्षा उंच गाडी आत जात नाही.”

“मी मोजून आलोय. लांबी, रुंदी, सगळं.”

“आणि उंची?”

“उंची कोण मोजतं?”

“टोपीची बरी मोजलीत!”

“बरं बाई, बुटकी घेऊ. पण इंजिन दमदार हवं. चढावर रखडत जाणं मला जमणार नाही.”

“तुम्हाला कशाला जमायला हवं? सोमवारी पोलीस ठाण्यात लायसन्स परत करून आलात ना?”

“लायसन्स परत केलं की म्हाताऱ्यांना टॅक्सीत सवलत मिळते, म्हणून केलं.”

“डोळ्यांच्या डॉक्टरांनी दटावलं म्हणून केलंत. आता चालवणार मी. मघाशी इथल्या गाडीत बसून काय काय बघितलंत?”

“स्टिअरिंग, आरसे, ब्रेक.”

“आणि शेजारची सीट?”

“ती कशाला बघायची?”

“जा, बसून बघा. यापुढं तीच तुमची. आणि तिथं ब्रेक नसतो, उगाच पाय दाबू नका.”