सुमावहिनीने गाडी उघड्यावर काढली

मानलं बाबा आपण आमच्या सुमावहिनीला! कोकणात कॅरावॅन घेऊन गेलो होतो. वहिनीची लेक सई पहिल्यांदाच टीव्हीवर कबड्डी खेळणार होती आणि आमचे अण्णा नातीसाठी गाडीतल्या टीव्हीसमोर ठाण मांडून बसलेले. पण गाडी आंब्याखाली, त्यामुळे छतावरच्या डिशला सिग्नलच मिळेना. मोबाइललाही रेंज नाही. ड्रायव्हर गावात जेवायला गेलेला.

दादा म्हणाला, "जाऊ दे, नंतर बघू."

वहिनी सरळ स्टिअरिंगवर बसली.

मी ओरडलो, "वहिनी, केवढी मोठी गाडी आहे!"

"ठाकूरद्वारच्या गल्लीत रोज गाडी लावते रे मी. इथे तर मोकळं रान आहे!"

एकाही फांदीला न घासता तिने गाडी रिव्हर्समध्ये माळावर काढली. डिश फिरवली आणि चित्र आलं. सई चढाईला निघाली होती. अण्णा तिच्याबरोबर पुटपुटू लागले, "कबड्डी, कबड्डी..." पोरगी रेषेवर परत येईपर्यंत म्हाताऱ्याने दम सोडला नाही!