ओतिल्याच्या वाटणीच्या गोळ्या

ओतिल्या : ...म्हणून म्हटलं, वाऊच गावी संघाच्या शिबिरात पोचले की लगेच फोन करीन. उद्या सकाळी सातची बस आहे. ऐकतेस ना?

याग्ना : ऐकतेय. तो स्पंज दे इकडं. तळाला शेवाळ धरलंय.

ओतिल्या : सकाळपासून तोंड फुगवून बसली आहेस. सहा वर्षं या होडीत आपण दोघीच होतो, त्यामुळे कधी प्रश्न आला नाही. चौघींच्या होडीत जागा एकच होती, याग्ना. दोघींतली एक मागं राहणारच होती. चाचणीत मला दोन सेकंद कमी लागले, एवढंच.

याग्ना : दोन नाही. एक पूर्णांक आठ.

ओतिल्या : बरं, एक पूर्णांक आठ. तू चोवीस वर्षांची आहेस. पुढच्या वर्षी तुलाच घेतील. माझं आता एकतीस चालू आहे, मला कुठलं पुढचं वर्ष?

याग्ना : काल मी डॉक्टरीणबाईंकडे गेले होते.

ओतिल्या : कशाला? परत ताप आला का?

याग्ना : माझं काय चुकलं ते विचारायला. अख्खा हिवाळा तुझ्याइतकीच मरमर केली. एकही दिवस दांडी नाही. आणि नोव्हेंबरात होते त्याहून एप्रिलमध्ये हळू. म्हटलं, रक्तात काही दोष असेल. त्यांनी कागद बघितले, म्हणाल्या रक्त उत्तम आहे. मग विचारलं, औषधं, गोळ्या काय घेतेस?

ओतिल्या : बरं मग?

याग्ना : म्हटलं, कोच सगळ्यांना देतात त्याच. अँटीऑक्सिडंटच्या. रोजच्या दोन माझ्या आणि दोन ओतिल्याच्या वाटणीच्या. तिचं पोट जळतं, म्हणून ती मला देते.

ओतिल्या : माझं पोट खरंच जळायचं. तू होतीस ना, पाहिलंयस तू.

याग्ना : त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, जानेवारीत तुझी बहीण आली होती. तिला मी सांगितलं होतं, त्या गोळ्या डबीसकट फेकून द्या, दोघींनीही. धाकटीला सांगते म्हणाली होती. सांगितलं नाही तिनं?

ओतिल्या : त्या दिवशी दहा गोष्टी सांगितल्या त्यांनी. कॉफी सोड, रिकाम्या पोटी येऊ नकोस, हे खा, ते खाऊ नकोस. विसरले असेन.

याग्ना : हे सांगायला विसरलीस. जेवण झालं की माझ्या बशीत गोळ्या ठेवायला एकदाही विसरली नाहीस.

ओतिल्या : सवय झाली होती हाताला.

याग्ना : काय सांगितलं होतं त्यांनी? मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.

ओतिल्या : आता काय त्याचं.

याग्ना : सांग. होडी धुवून व्हायला अजून वेळ आहे.

ओतिल्या : म्हणाल्या, जीव तोडून वल्ही मारली की अंगात जाळ होतो. इतका ऑक्सिजन जळतो की त्याच्या ठिणग्या स्नायूंत उडतात. आपल्याला वाटतं, हे वाईट, विझवायला हवं. पण त्या ठिणग्यांवरूनच शरीराला कळतं की आज मेहनत झाली, उद्यासाठी अंग आणखी घट्ट करायला हवं. मूठमूठ गोळ्या खाऊन रोज ते विझवत बसलं, तर शरीराला पत्ताच लागत नाही. मेहनत होते, पण अंगी लागत नाही.

याग्ना : विसरलेल्या माणसाला बरंच आठवतंय.

ओतिल्या : याग्ना, पुढचंही ऐक मग. नक्की असं काही नाही, हेही त्यांनीच सांगितलं. कुणाला फरक पडतो, कुणाला पडत नाही. ते एक पूर्णांक आठ सेकंद गोळ्यांचेच कशावरून? फेब्रुवारीत तुला आठवडाभर खोकला होता. परीक्षेच्या अभ्यासाला पहाटे उठायचीस. कशानं काय झालं, कोण सांगणार?

याग्ना : कुणीच नाही. मलाही त्या तेच म्हणाल्या. गोळ्यांमुळंच हरलीस असं मी लिहून देणार नाही, कदाचित काहीसुद्धा झालं नसेल.

ओतिल्या : मग? उगाच डोक्यात काहीतरी घेऊन बसली आहेस.

याग्ना : तुला काय वाटत होतं?

ओतिल्या : कधी?

याग्ना : बशीत ठेवताना. यानं ही मागं पडेल, असं वाटत होतं का तुला?

(ओतिल्या होडीच्या कोरड्या झालेल्या कडेवरून फडकं फिरवत राहते.)

याग्ना : तिथलं पाणी केव्हाच पुसून झालंय.

ओतिल्या : वाटत होतं.

याग्ना : बरं.

ओतिल्या : सुरुवातीला नाही, शपथ. नोव्हेंबरात तुझे खांदे एवढे दुखायचे, कपाटातली कपबशी काढता यायची नाही तुला. मी मायेनंच दिल्या.

याग्ना : आणि जानेवारीपासून?

ओतिल्या : डिसेंबरात कोचनं मला आत बोलावलं होतं. तुला कधी बोलले नाही. दार लावून म्हणाला, जागा धाकटीची आहे, तू चाचणी द्यायची म्हणून दे. पुढल्या हंगामापासून लहान मुलींना शिकवायला ये, तुला चांगलं जमेल. अकराव्या वर्षापासून या नदीवर आहे मी. बर्फ पुरता वितळायच्या आत उतरलेय. आणि हा मला शिट्टी देऊन काठावर उभी करतोय.

याग्ना : म्हणून मला काठावर उभी केलीस.

ओतिल्या : मी म्हटलं, एका आठवड्यानं काय होतंय, पुढच्या आठवड्यात सांगू. मग पुढचा आठवडा आला.

याग्ना : चाचणीपर्यंत दहा आठवडे होतात.

ओतिल्या : होतात.

याग्ना : मी पुढच्या बाकावर, तू मागच्या. मला तू दिसतच नाहीस. तू मात्र रोज दोन तास माझी पाठ बघत असतेस. पाठ थकली की माझ्याआधी तुला कळतं. किती वेळा मी म्हणायच्या आत ओरडली असशील, "याग्ना, जरा सावकाश." फेब्रुवारीत काय दिसत होतं?

ओतिल्या : नको ना.

याग्ना : काय दिसत होतं?

ओतिल्या : उजवा खांदा मागं राहायला लागला होता. शेवटच्या पाचशे मीटरला.

याग्ना : आणि तू आवाज दिला नाहीस.

ओतिल्या : नाही दिला.

याग्ना : मला वाटायचं, माझ्यातच दम नाही. मी एकटी बाथरूममध्ये जाऊन रडायचे. बाहेर आले की तू सूप गरम करून ठेवलेलं असायचं. आणि बशीत गोळ्या. मी तुला थँक्यू म्हणायचे, ओतिल्या.

ओतिल्या : माहीत आहे मला.

याग्ना : हो, तुला सगळंच माहीत होतं.

ओतिल्या : कोचना सांगणार आहेस?

याग्ना : काय सांगू? बहिणीनं दिल्या नि मी स्वतःच्या हातानं गिळल्या? हसतील. वर म्हणतील, हरली म्हणून बहिणीवर ढकलतेय. तू जा उद्या. मला ती जागा अशी नकोच आहे.

ओतिल्या : मी सांगते हवं तर. पाय दुखतोय म्हणून सांगते, नाव मागं घेते.

याग्ना : म्हणजे आयुष्यभर मी तुझे उपकार मानायचे? ते नाही जमायचं. चल, धर ते टोक. एकटीनं उचलत नाही म्हणून सांगतेय, नाहीतर सांगितलं नसतं.

ओतिल्या : तीनला. एक, दोन...

याग्ना : मला मोजता येतं.

ओतिल्या : याग्ना, ती बघ, आई येतेय. तिला काही बोलू नकोस. तिला नाही सोसायचं.

आई : अगं, इथं आहात होय! मी मेली तिकडं मोठ्या फाटकाशी उभी. ट्राम पुलाअलीकडंच थांबली, तिथून चालत आले पिशव्या घेऊन. ओतिल्या उद्या निघणार म्हटल्यावर घरी पाय ठरेना. खसखशीचा केक नाही केला हं, तुमची ती लघवीची तपासणी असते, खसखस खाल्ली तर त्यात अफू दिसते म्हणे, उगीच घोळ नको. चीजकेक केलाय. हे काय, दोघींचे चेहरे असे का?

याग्ना : उन्हात होतो, आई.

आई : बसा मग जरा. हा बघा, आरोनियाचा रस. आपल्या कुंपणाच्या झुडपांवरच्या त्या काळ्या बोरांचा, सप्टेंबरातली ही शेवटची बाटली. तुमच्यासाठी जपून ठेवली, तुमच्या बापालासुद्धा हात लावू दिला नाही. टीव्हीवर सांगत होते, खेळाडूंना याच्यासारखं दुसरं काही नाही. ते अँटी काय ते, यात भरपूर असतं म्हणे. पेले आणलेत मी. हा तुझा, हा तुझा. बघा, एका रेघेत आहेत की नाही. लहानपणी थेंबाथेंबावरून भांडायचात.

याग्ना : माझाही तिलाच दे, आई.

आई : का गं? तुला आवडतो ना?

याग्ना : तिला पुढं जायचंय. मी आता काठावरच आहे.

आई : असं कसं? ओतिल्या, तू तरी नको म्हण की. तिच्या वाटणीचं कशाला घेतेस?

ओतिल्या : याग्ना, एवढ्याशा रसानं काही होत नसतं.

याग्ना : मला माहीत आहे. तरी दे तिला.

आई : काय चाललंय तुमचं दोघींचं?

ओतिल्या : दे, आई. दोन्ही पिते मी.

आई : अगं, सावकाश. असं औषधासारखं काय पितेस? फार तुरट झालाय का यंदा?

ओतिल्या : नाही, आई. दरवर्षीसारखाच आहे.