बर्फ सरळ वितळत नाही हो!

आता तुम्हीच सांगा, माणसानं विश्वास ठेवावा तो कोणावर? जावयावर, संगणकावर, की पेढीवर केस पिकवलेल्या दिवाणजींवर? धंदा माझा बर्फाचा. सकाळीच मासळीवाला दारात, "शेठ, गाडी लांब जायचीय. बर्फ किती भरू ते संध्याकाळपर्यंत बोला. मासळी नासली, तर पुढचा बर्फ दुसऱ्याकडून!" आजवर मी हे डोळ्यांनी मापून सांगत आलो, पण लेकीनं जावई केलाय संख्याशास्त्रातला, म्हटलं, होऊ दे शास्त्रशुद्ध! दिवाणजींनी लाद्या तासातासाला तोलून आकडे लिहिलेच होते, जावईबापूंनी ते संगणकात घातले, कळ दाबली, आणि संगणक म्हणाला... उत्तर स्थिरावलं नाही!

"म्हणजे काय हो?"

"बाबा, तो आकड्यांवर वक्ररेषा बसवत बसवत उत्तराकडे सरकतो. आपला सुरुवातीचा अंदाज चुकला की भरकटतो."

बदला अंदाज! बदलला. उत्तर स्थिरावलं नाही. ग्रॅमचे किलो केले, संगणकाच्या फेऱ्या दसपट केल्या, रीत बदलली... उत्तर स्थिरावलं नाही! अहो, इतकी घासाघीस माझं सर्वांत चिकट गिऱ्हाईकसुद्धा करत नाही! बरं, पोटचा पोरगा असता तर चार शब्द सुनावले असते, पण हा पडला जावई, याला सुनवायचं नसतं, चहा पाजायचा असतो. वर आतून आमची ही, "त्यांना त्रास देऊ नका हो!" मी देतोय त्रास? मी?

तेवढ्यात जावई स्वतःशीच हसला. "बाबा, या आकड्यांत चूकच नाही!"

"मग उत्तमच की!"

"तीच तर पंचाईत! कुठं थांबायचं हे तो रेषेत अन् आकड्यांत उरलेल्या चुकीशी ताडून ठरवतो. इथं चूक उरतच नाही, थांबणार कशाच्या जोरावर? खरा बर्फ इतका शिस्तीत वितळतो होय?"

मी दिवाणजींकडे पाहिलं. दिवाणजी प्रसन्न! "शेठ, गोदामाचं दार उघडलं की बर्फ भसकन वितळायचा, मग तासभर ढिम्म. असं वेडंवाकडं कागदावर शोभतं का? मी पहिले दोन आकडे ठेवले, बाकीचे त्याच प्रमाणात नीट बसवून दिले. आपल्या पेढीचा ताळा कधी चुकलाय?"

कपाळ! तुम्हाला सांगतो, जन्मभर मीच या माणसाला ओरडत आलो, ताळा जमलाच पाहिजे!

संध्याकाळी मासळीवाला आला. शास्त्र तर अजून भरकटलेलंच. शेवटी म्हटलं, "बाबा रे, दुप्पट भर, वरचा बर्फ माझ्या खात्यावर." तो खूश, मासळी थंडगार, आणि मी? मी बसलोय गोदामात, मफलर गुंडाळून, लादी स्वतः तोलत. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगणं एवढंच... हिशेब खरा ठेवा हो. वेडावाकडा निघाला तर वेडावाकडा लिहा. आणि जाताना तेवढं दार हळू लावा, आत्ताच नवी लादी काट्यावर ठेवलीय.