फोटो पुन्हा हलला

सून: हाही हललाय, बाबा.

सासरे: बघू. अगं, चांगला तर आलाय. हे माझंच टक्कल, हा माझाच सदरा. आणखी काय पाहिजे तुला?

सून: टक्कल छान आलंय. हात बघा ना. हाताच्या जागी नुसतं धुकं आहे.

सासरे: मग दवाखान्याच्या पत्रकात टक्कलच छापा म्हणावं.

सून: पत्रकात 'कवळी बनवणारे हात' असं लिहिणार आहेत, त्याला टक्कल कसं चालेल? दातांच्या डॉक्टरांनी स्वतः फोन करून सांगितलं मला, की तुमच्या सासऱ्यांचा हातांचा फोटो तुम्हीच काढा, आजच्या आज पाठवा. माझं पहिलंच काम आहे हे. मी पण हो म्हणून बसले. म्हटलं, बाबा घरातच, त्यांची कामाची खोली घरातच, यात अवघड ते काय.

सासरे: फोटोग्राफीच्या क्लासमध्ये काय शिकवलं मग इतके दिवस?

सून: तेच तर. आधी सांगितलं, फोटो हलत असेल तर शटरचा स्पीड वाढवा. वाढवला, तर काळाकुट्ट आला. मग म्हणाले, उजेड कमी असेल तर स्पीड कमी ठेवा आणि कॅमेरा घट्ट धरा. धरला, तर हे धुकं. मग आयएसओ म्हणून एक भानगड आहे, तो वाढवला की फोटोवर बारीक वाळू सांडल्यासारखी दिसते. एकाला धरावं तर दुसरं सुटतं.

सासरे: पांघरूण डोक्यावर ओढलं की पाय उघडे.

सून: अगदी तसंच. बरं, चला, पुन्हा एकदा. मेणात दात बसवायला घ्या, सुरीचं टोक तिथंच टेकवून ठेवा, आणि श्वास रोखा.

सासरे: एक विचारू? हे श्वास रोखायचं कुठून आलं?

सून: बाईंनी सांगितलंय क्लासमध्ये. कोपर अंगाला टेकवा, श्वास रोखा आणि मगच बटण दाबा.

सासरे: म्हणजे बटण दाबणाऱ्यानं श्वास रोखायचा ना? कॅमेरा तुझ्या हातात आहे.

सून: असं असेल का? मला वाटलं, दोघांनी.

सासरे: मघाशी तू तो फोकस शोधत होतीस तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. आणि माझं कोपरसुद्धा तू मघापासून अंगाला चिकटवून ठेवलंयस. असा बसून मी जन्मात कधी दात लावलेला नाही.

सून: सांगायचं नाही का मग?

सासरे: मला वाटलं, फोटोत तसं छान दिसत असेल.

सून: मीच वेडी. जाऊ दे, आता कॅमेरा हातात धरतच नाही. या प्लॅस्टरच्या जबड्यांवर टेकवला तर?

सासरे: घरंगळेल. ती दातांची लाकडी पेटी घे, जड आहे. आणि ते वरचे जबडे खाली ठेवू नकोस गं, नाकं मोडतात त्यांची.

सून: जबड्याला नाक कुठं असतं?

सासरे: पुढच्या टोकाला आम्ही नाकच म्हणतो. ठेवलास कॅमेरा?

सून: ठेवला. आता टायमर लावते. म्हणजे बटण दाबून मी लांब होणार, माझा हातच लागणार नाही. तुम्ही दगडासारखे बसा.

सासरे: बसलो. श्वास घेऊ का?

सून: घ्या हो. झालं. आला बघा... नाही. हलला.

सासरे: आता कोण हललं? तू तर दारात होतीस.

सून: तेच कळत नाहीये मला. मी हलले नाही, पेटी हलली नाही, घर काही हललं नाही.

सासरे: कॅमेराच तसला असेल. जुना वापरलेला घेतलास ना.

सून: असं म्हटलं तर लोक मला म्हणतील, नाचता येईना अंगण वाकडं. या, आई, या. तुम्हीच बघा. आम्ही दोघं तर चक्रावून गेलोय.

सासूबाई: मला काय कळतंय त्यातलं. चहा आणलाय. ती मेणाच्या दिव्याची ज्योत जरा बारीक करा, मेणाचा वास स्वयंपाकघरापर्यंत आलाय.

सून: थांबा, मोठा करून बघते. हे काय? गंमतच आहे. दिव्याची ज्योत स्वच्छ आलीय. मेणातले दात तर एकेक मोजून घ्यावेत. सदऱ्याचं बटण, त्या बटणाचा सुटलेला दोरासुद्धा दिसतोय.

सासूबाई: तो दोरा मी सकाळीच बघितला होता. लावून देते म्हटलं तर हे निसटले.

सासरे: मग हलला म्हणतेस ते काय?

सून: तेच तर. कॅमेरा हलला असता तर सगळंच हललं असतं. दात हलले असते.

सासरे: कवळीतले दात हलले तर धंदा बुडालाच म्हणायचा.

सून: तुमचा डावा हातही स्वच्छ आहे, नखं दिसतायत. फक्त उजवा नाही. फोकस चुकला म्हणावं, तर सुरी दातांना चिकटूनच आहे आणि दात स्वच्छ. बाबा, तुम्ही सुरी हलवलीत का?

सासरे: नाही.

सून: थोडीशी, चुकून?

सासरे: नाही म्हटलं ना. दगड म्हणालीस, दगड झालो.

सून: मग मला खरंच काही कळत नाही. मागचे फोटो बघते. यातही डावा ठीक आहे. यातही. सगळ्यात उजवाच गेलाय.

सासूबाई: राहू दे गं तो फोटो. चहा निवतोय. अहो, तुमचा कप.

सून: आई, बाबांचा अर्धाच भरलाय.

सासूबाई: त्यांना तेवढाच लागतो.

सून: बाबांना? पूर्वी दोन-दोन कप घ्यायचे की.

सासरे: हल्ली रोज अर्धाच देते ही. मला वाटलं, दूध पुरत नसेल.

सासूबाई: दूध भरपूर आहे. सांडतो म्हणून अर्धा देते. आधी बशीत, मग सदऱ्यावर. आणि मग तुम्ही कपाच्या कानाला नावं ठेवता.

(सून सासऱ्यांच्या उजव्या हाताकडं बघते. दिव्यावर मेण वितळत राहतं.)

सून: बाबा, मी मघापासून स्वतःच्या हाताला दोष देतेय.

सासरे: मी देऊ दिला. तुझ्या कॅमेऱ्यात काहीतरी युक्ती असेल, त्यात ते दिसणार नाही, असं वाटलं होतं मला.

सासूबाई: म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं.

सासरे: माझाच हात आहे, मला ठाऊक नसेल? तुला कळू नये म्हणून पाणी डाव्या हातानं पितो मी.

सासूबाई: आणि मला कळलंय हे तुम्हाला कळू नये म्हणून मी कप अर्धा भरते. तुम्ही विचारलंत तर काय सांगायचं, याचीच भीती वाटायची रोज. शहाणी माणसं आहोत आपण दोघं.

सून: थांबा, मला नीट समजू द्या. ती शाळेतल्या मास्तरीणबाईंची कवळी, जी सारखी परत येतेय, ती मग...

सासरे: दात केसाएवढा सरकला तरी चावा बसत नाही. मी डॉक्टरांना म्हणालो, तुम्ही माप चुकीचं घेतलंत. डॉक्टर म्हणाले, बाईंच्या हिरड्याच बसल्या असतील. बाई बिचाऱ्या म्हणाल्या, माझंच तोंड वाकडं असेल. कुणी कुणाशी भांडलं नाही. बाई मात्र अजून पातळच पिऊन राहिल्यात.

सासूबाई: आणि तुम्हाला रात्रंदिवस तेच दिसतंय. मला काय कळत नाही का? डॉक्टरांना दाखवा ना मग. दातांच्या नाही, आपल्या.

सासरे: गेलो होतो.

सासूबाई: कधी?

सासरे: मागं. त्यांनी विचारलं, काय होतंय. मी म्हणालो, पित्त.

सासूबाई: त्या गोळ्या म्हणून घरात आल्या होय. मी हिला विचारलं, पित्त तुला झालंय का.

सून: आणि मला वाटलं, आई स्वतःच्याच गोळ्या माझ्यावर ढकलतायत.

सासरे: तोंड उघडलं होतं मी. हात असं म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की खरं होईल, असं वाटलं. हात गेला तर माझं राहिलं काय? दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, आपलं भरलं ते दातांवरच.

सासूबाई: पोटाचं बघू आपण. आधी हात बघू.

सासरे: एक सांग गं. तो स्पीड म्हणालीस, तो वाढवला तर हात थांबलेला दिसेल?

सून: दिसेल. इतक्या पटकन टिपतो, की हलायला वेळच मिळत नाही. पण उजेड भरपूर पाहिजे. टेबल खिडकीशी न्यावं लागेल.

सासरे: नेऊ या. ते टोक धर.

सासूबाई: आता आणि फोटो कशाला?

सासरे: मला बघायचाय.

सून: सुरी टेकवा. नेहमी बसता तसे बसा. झालं. बाबा, आला. पहिल्यांदाच आला असा. सुरीच्या टोकावरचा मेणाचा थेंबसुद्धा दिसतोय.

सासरे: दाखव. हो, असाच होता हा. अगदी असाच होता.

सासूबाई: हत्तीचे दाखवायचे दात.

सासरे: खरं आहे तुझं.

सून: हा पाठवू का दवाखान्यात? मी काही खोटं केलेलं नाही, कॅमेऱ्यानं जे टिपलं तेच आहे. पण पाठवावंसं वाटत नाही, आणि का ते मला नीट सांगताही येत नाही.

सासरे: नको पाठवूस. हा बघून ते आणखी चार कवळ्या देतील मला, आणि आणखी चार माणसं पातळ पितील. डावा स्वच्छ आलाय म्हणालीस ना? कवळी धरलेला तेवढाच कापून पाठव.

सून: त्यांनी 'बनवणारे हात' म्हटलंय.

सासरे: डाव्यानं पण आयुष्यभर धरून ठेवलंय सगळं. त्याचा फोटो कुणी काढलाय कधी?

सून: बरं, पाठवते. मग हे बाकीचे हललेले पुसून टाकते, कार्ड भरत आलंय.

सासरे: थांब. एक ठेव. सगळ्यात जास्त हललेला असेल तो.

सून: तो कशाला, बाबा?

सासरे: उद्या आपल्या डॉक्टरांकडं जाऊ. तू चल, आणि तो त्यांच्यापुढं ठेव. मला तोंडानं सांगता येत नाही गं.